हॉलची किल्ली

काल रात्री कट्ट्यावर जे झालं ते लिहून काढतोय, कारण सकाळपासून डोक्यातून जातच नाहीये. विषय तसा वर्गणीचा. गणपतीचा सगळा खर्च भागून मंडळाकडे 40 हजार उरलेत आणि मास्तर म्हणाले यातले 25 हजार मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला देऊया, आपल्याच चौकातला एक जण तिथून बरा होऊन आलाय, फ्लेक्स आणि हारतुऱ्यांवर घालवतोच ना आपण. झालं, शेठ उसळले.

शेठ म्हणजे आमचे खजिनदार, किराणा दुकान आहे, हिशोबाला एकदम चोख आणि अडीनडीला सगळ्यात आधी धावणारा माणूस, हे आधीच सांगतो कारण पुढचं वाचून तुम्हाला त्यांचा राग येईल. शेठ म्हणाले, "लोकांनी गणपतीसाठी पैसे दिलेत, दारुड्यांसाठी नाही. प्यायला कोणी सांगितलं होतं? माझ्या वडलांनी एका दिवसात तंबाखू सोडली. मनावर घेतलं की सुटतं."

आणि तो बरा होऊन आलेला तिथेच बसलेला होता बरं का. नाव लिहीत नाही. शेठनी पाठीमागे नाही, तोंडावर म्हणलं, आणि तोही खाली न बघता ऐकत होता.

मेडिकलवाला म्हणाला, "शेठ, तंबाखूची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, भास होतात, माणूस जाऊ पण शकतो. म्हणून पहिले काही दिवस डॉक्टरच्या नजरेखाली औषधं द्यावी लागतात. मनावर घ्यायचं ते त्याच्यानंतर."

हे मी बघितलंय. दोन वर्षांपूर्वी सकाळी सातला याच टपरीवर तो चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरायचा आणि तरी अर्धा चहा मनगटावरून शर्टाच्या बाहीत जायचा. टपरीवाल्या काकांनी मग काही न बोलता त्याला अर्धाच ग्लास भरून द्यायला सुरुवात केली, तो संपला की पुन्हा अर्धा, पैसे एकाच चहाचे. मनावर घेतलं की सुटतं म्हणणाऱ्यांनी तो अर्धा ग्लास एकदा बघायला पाहिजे होता.

मग आयटीवाला मध्ये पडला, त्याचं म्हणणं की हे काम सरकारचं आहे, आपण टॅक्स भरतो, संस्थांनी आणि वर्गण्यांनी किती दिवस चालवायचं. मुद्दा चुकीचा नाहीये. पण मास्तर म्हणाले, "अरे मुक्तांगणची सुरुवातच मुळात सरकार आणि लोक, दोघांनी मिळून झालीय. ऐंशीच्या दशकात पुण्यात गर्द आलं, चांगल्या घरातली पोरं ब्राउन शुगर ओढायला लागली, त्यावर अनिल अवचटांनी लेख लिहिले. ते वाचून पुलं आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये दिले, त्या काळातले. अवचटांच्या बायको डॉक्टर अनिता अवचट, त्या येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर, मग तिथल्याच आवारात जागा मिळाली आणि 29 ऑगस्ट 1986 ला काम सुरू झालं. जागा सरकारी, पैसे एका लेखकाच्या घरातले, कष्ट या दोघांचे. 1997 ला अनिताताई गेल्या, 2022 ला बाबा म्हणजे अवचट गेले, आता त्यांची मुलगी मुक्ता सांभाळते. यात सरकार की समाज असं तू कसं वेगळं काढणार?"

आयटीवाला म्हणाला ठीके, पण आता तर 14416 ला फोन केला की फुकट समुपदेशन मिळतं, टेलिमानस, 2022 पासून आहे. आहे ना, आणि नंबर सगळ्यांनी मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवावा असंच मी म्हणेन. पण फोन ठेवल्यावर माणूस पुन्हा याच चौकात असतो.

इथे मला बोलावंसं वाटलं ते मी बोललो. त्याला आधी घरच्यांनी एका भलत्याच ठिकाणी टाकलं होतं, नाव घेत नाही, बोर्डवर व्यसनमुक्ती केंद्र लिहिलेलं. रात्री गाडी आली, चार जणांनी उचलून नेला, आत मारलं, रात्री साखळीने खाटेला बांधायचे. घरच्यांना बिचाऱ्यांना काही माहीतच नव्हतं. आता 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मनाचे त्रास सरळ मानसिक आजारात धरलेत, आणि साखळीने बांधायला त्यात बंदी आहे. शेठ, आजार आहे तो! तिथून सुटून आल्यावर पहिल्याच संध्याकाळी तो प्यायला. मुक्तांगणला 35 दिवस राहिला तेव्हा तिथे त्याला पेशंट नाही, रुग्णमित्र म्हणत होते. समोर बसलेला समुपदेशक म्हणाला मी पण इथेच ॲडमिट होतो, तेव्हा हा पहिल्यांदा खरं बोलला. बायकोला पण बोलावलं, तिच्यासारख्यांचा सहचरी म्हणून वेगळा गट आहे, कारण इतकी वर्षं झोप तर तिची उडालेली असते.

"मग 35 दिवस राहून पण परत प्यायलाच ना तो?" शेठ.

हो, प्यायला. चाळीस दिवसांनी, एका हळदीला. आणि तो ग्लास त्याच्या हातात आपल्याच ग्रुपमधल्याने दिला, एकाने काय होतंय म्हणून. मी तिथे होतो शेठ, दोन हात अंतरावर, आणि मी गप्प बसलो कारण लग्नघरात कशाला तमाशा. ते 35 दिवस त्यांनी सांभाळलं, त्याच्यानंतर तो आपल्याकडे आला होता, आणि आपण काय केलं? डायबेटिसवाल्याला आपण गुलाबजाम आग्रह करून करून भरवतो का?

यावर कोणीच काही बोललं नाही. मास्तरांची बहीण स्किझोफ्रेनियाची पेशंट आहे हे सगळ्यांना माहितीये, ते म्हणाले की गोळ्यांनी ती सावरली पण घर सावरलं ते इतर घरांमुळे. कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते ते जगन्नाथ वाणी, त्यांच्या पत्नीला हाच आजार होता, त्यांनी 1997 ला पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली. तिथे आजारी माणसाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. "मला पहिल्यांदा कोणी शुभंकर म्हणलं ना, तेव्हा मी घरी येऊन रडलो होतो. तोवर मी नुसता वेडीचा भाऊ होतो."

मग तो बोलला. म्हणाला, "पैशाचं तुम्ही ठरवा, द्या किंवा नका देऊ. मला मंडळाचा हॉल हवाय. आठवड्यातून एक तास." आता 14 महिने झालेत त्याला बंद करून. मुक्तांगणच्या पाठपुराव्याला जातो पण इकडून दोन बस बदलायला लागतात, कामावरून सुटलेला माणूस एक आठवडा चुकवतो, मग दुसरा चुकवतो आणि मग वाईन शॉप जवळ पडतं. आपल्या आसपास अजून तिघं आहेत म्हणे. त्यांना एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना सांभाळायची मीटिंग इथेच चालू करायचीय.

शेठ म्हणाले आणि त्याची वर्गणी मंडळाने द्यायची, असंच ना.

"शेठ, तुम्ही दिली तरी आम्हाला घेता येणार नाही," तो म्हणाला. आणि खरंच तसंय, मला पण कालच कळलं. एएमध्ये बाहेरच्यांचे पैसे घेत नाहीत, नियमच आहे तसा. 1935 साली अमेरिकेत एक शेअर बाजारवाला आणि एक सर्जन, दोघं दारूने पार गेलेले, एकमेकांशी बोलून सावरले तिथून हे सुरू झालं, फी नाही काही नाही, मीटिंगमध्ये टोपी फिरते, ज्याला जमेल ते टाकतो, त्यातून चहा आणि जागेचं भाडं. म्हणाला हॉलचं भाडं आम्ही देऊ, कमी असेल पण देऊ, फुकट नको.

शेठ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, समोरून सगळा चौक येतो-जातो, बायका-पोरी असतात, उद्या कोणी म्हणेल मंडळात दारुडे जमतात. तो म्हणाला आम्ही प्यायलेले नसू शेठ, म्हणून तर जमणार. आणि आमच्यात फक्त पहिलं नाव सांगतात, तिथे कोण दिसलं ते तिथेच ठेवायचं. त्यावर शेठनी जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं, "म्हणजे माझ्या दुकानातून त्यांना येता-जाता बघितलं तर मी पण बोलायचं नाही." तो म्हणाला, नाही बोलायचं. शेठ म्हणाले, "मग मागचं दार उघडून ठेवतो, गल्लीतून येतील. पुढून कोणाला दिसायला नको."

मंगळवारी हॉलमध्ये भजन असतं त्यामुळे गुरुवार ठरला, साडेसात ते साडेआठ. 25 हजारांचं रविवारच्या मीटिंगला ठेवलंय, शेठ अजून नाहीच म्हणतायत आणि मास्तर सोडणार नाहीत. किल्ली सातला दुकानातून घ्यायची. खुर्च्या 12 आहेत, दोन खुर्च्यांचे पाय मोडलेत, त्या मी बुधवारपर्यंत वेल्डिंग करून आणतो.