एका युरोची लघुशंका

जर्मनीत पाणी पिण्याचे पैसे पडतात आणि ते बाहेर टाकण्याचेही पडतात, हे मी ऐकून होतो. पण दोन्ही भुर्दंड एकाच दुपारी, एकाच बाटलीतल्या पाण्यासाठी बसतील अशी कल्पना नव्हती. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला परत येऊन आठवडा झाला तरी तो एक युरो माझ्या डोक्यातून जात नाही. "एकदाचं लिहून टाका आणि मला सांगणं थांबवा," असे बायकोने बजावल्यामुळे लिहायला बसलो आहे.

सुरुवात न्यूरेंबर्गच्या एका उपाहारगृहात झाली. आमच्या न्यू जर्सीत खुर्चीवर नीट टेकण्यापूर्वीच बर्फाने काठोकाठ भरलेला पेला समोर येतो आणि तो निम्म्यावर येण्याआधी कोणीतरी पुन्हा भरून जातो; त्यात पाणी किती आणि बर्फ किती हा वादाचा विषय असला, तरी त्याचे बिल कोणी लावत नाही. (बर्फाचे हे वेड तिकडे जुनेच आहे. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने १८३३ साली तिथल्या तळ्यांतला बर्फ जहाजात भरून थेट कोलकात्याला पाठवला होता, आणि महिनोन्‌महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातला बराचसा विकण्याजोगा उरला होता. अशा लोकांकडे बिनबर्फाचे पाणी मागून काय उपयोग?) न्यूरेंबर्गला मी साधे पाणी मागितले तेव्हा वेटरने बुडबुड्यांचे की बिनबुडबुड्यांचे, एवढेच विचारले. नळाचे चालेल, असे मी म्हटले. ते आपल्या कानी पडलेच नाही असे दाखवून त्याने काचेची पाऊण लिटरची बाटली आणली, झाकण उघडले आणि मग किंमत बघायला मी मोकळा झालो. साडेसात युरो. शेजारच्या टेबलावरची बिअर याहून स्वस्त होती. उपाहारगृहातले निदान एक तरी बिनदारूचे पेय सर्वांत स्वस्त दारूपेक्षा महाग असता कामा नये, असा जर्मनीत चक्क कायदा आहे. असा कायदा करावा लागतो, यातच सगळे आले. त्यांच्या यादीत तो मान सफरचंदाच्या रसाला मिळाला होता. पाणी बापडे मोकाट सुटले होते.

"पॅरिसला मागितल्याबरोबर जग भरून पाणी आणून ठेवलं होतं," बायकोने आठवण करून दिली. खरे आहे. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर साधे पाणी आणि पाव यांचे वेगळे पैसे लावायचे नाहीत, असा नियम १९६७ पासून आहे. पण आम्ही फ्रान्समध्ये नव्हतो आणि बाटलीचे झाकण उघडलेले होते. "साडेसात युरो मोजायचे आहेत, आता थेंबभरही ठेवायचं नाही," असे म्हणून तिने स्वतः एक पेला घेतला आणि उरलेल्या बाटलीची जबाबदारी माझ्यावर सोपवली. बिल देताना मी अमेरिकन सवयीने वीस टक्के टीप ठेवली, म्हणजे खिशातली झाडून सगळी नाणी बशीत ओतली. तिथे नुसता आकडा वर पूर्ण केला तरी पुरते, हे वेटरला माहीत होते. परंतु त्याने मला तसे सांगण्याचे कारण नव्हते.

त्यानंतर म्युनिककडे जाणाऱ्या ए-९ महामार्गावर वाहतूक तुंबली, आणि पुढचा तपशील वाचकांनी आपापल्या अनुभवावरून भरून घ्यावा. अखेर एक विसावा आला. पेट्रोलपंपाच्या मागे दुकान, दुकानाच्या खाली जिना, आणि जिन्याच्या तळाशी पोलादी फिरते दार. त्यावर लिहिलेले होते: एक युरो. कार्ड घालण्याच्या खाचेवर चिकटपट्टी मारलेली होती आणि माझ्या पाकिटात पन्नास युरोची एकच नोट होती.

दाराशेजारी एक सत्तरीचे गृहस्थ उभे होते. त्यांच्या अंगात पुष्कळ खिशांचे जाकीट होते आणि हातात रबर लावलेला कागदांचा गठ्ठा. आधी मला ते तिथले कर्मचारी वाटले. ते कर्मचारी नव्हते. त्यांची बायको आत गेली होती आणि ते तिची वाट पाहत होते.

"नाणे नाही?" त्यांनी स्वच्छ इंग्रजीत विचारले.

"पन्नासची नोट आहे. सुटे मिळतील का?"

"यंत्र नोट घेत नाही."

"म्हणून तर तुम्हाला विचारतो आहे."

"पन्नासचे सुटे माझ्याकडेही नाहीत. पण आपण काळजी करू नये. हे शौचालय प्रत्यक्षात फुकट आहे."

मी त्या पोलादी दाराकडे पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिले.

"आपण एक युरो घालता," त्यांनी गठ्ठ्यातला एक कागद काढून माझ्या डोळ्यांसमोर धरला, "आणि यंत्र आपल्याला एक युरोचे कूपन देते. ते वरच्या दुकानात चालते. म्हणजे आपला खर्च शून्य."

"मग एक युरो घालायचाच कशाला?"

"कूपन मिळावे म्हणून."

हे उत्तर त्यांनी इतक्या सात्त्विक चेहऱ्याने दिले की क्षणभर मीच विचारात पडलो. मला पटले असे समजून ते इतिहासात शिरले. पूर्वी सत्तर सेंट पडत आणि पन्नास सेंटचे कूपन मिळे, म्हणजे माणसाचे वीस सेंट खरोखरच जात. नोव्हेंबर २०२२ पासून दर एक युरो झाला आणि कूपनही एका युरोचे झाले. याला ते सुधारणा म्हणत होते, आणि या सुधारणेत आपला थोडाफार हात असल्याचा भाव त्यांच्या बोलण्यात होता. मी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकला. शेजारी लहान मुलांसाठी एक बुटके, फुकट दार होते. माझी नजर तिकडे वळलेली त्यांनी टिपली.

"ते मुलांसाठी आहे."

"दिसतंय मला."

"आपण आलात कुठून?"

"अमेरिकेहून."

"पण मूळचे?"

"पुण्याचे. तुमच्याकडे एक युरो आहे का?"

"अमेरिकेला मी एकदा गेलो होतो. फ्लोरिडाला." एवढे बोलून ते भिंतीला टेकले. भिंतीला टेकून सुरू केलेली गोष्ट लवकर संपत नाही, हा अनुभव पुणेकराला तरी नवा नाही. "तिथे शौचालय फुकट होते. पण दाराला फट होती. एवढी!" त्यांनी दोन बोटे दाखवली. "दार खाली जमिनीपर्यंत नाही, वर छतापर्यंत नाही, आणि बाजूला ही फट. मी आत बसलो होतो. बाहेर एक मनुष्य हात धूत होता. आरशातून आमची नजरानजर झाली, आणि त्याने मला विचारले, 'हाउ आर यू?'"

ते थांबले. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. "अशा वेळी काय उत्तर देतात?"

"त्याला उत्तर नको असतं."

"मग विचारतात कशाला?"

याचे उत्तर इतकी वर्षे तिथे राहून मलाही सापडलेले नाही, आणि त्या क्षणी शोधण्याच्या मनःस्थितीत तर मी मुळीच नव्हतो. पण त्यांचा आरोपपत्राचा पुढचा भाग सुरू झाला होता. फ्लोरिडात वस्तूवर एक किंमत लिहिलेली असते आणि गल्ल्यावर कर लावून दुसरीच घेतात. यादीत जेवणाची एक किंमत छापलेली असते आणि निघताना त्यावर टीप द्यावी लागते, कारण मालक वेटरला पुरेसा पगार देत नाही आणि ते ओझे गिऱ्हाइकाच्या पाठीवर टाकतो. "इथे दारावर एक युरो लिहिला आहे आणि यंत्र एकच युरो घेते. आपल्या अमेरिकेत पाणी फुकट, शौचालय फुकट, आणि पैसे मात्र आपण दुसऱ्याच खिडकीवर भरता."

मला सर्वांत जास्त राग या वाक्याचा आला, कारण ते बरोबर होते. दुसऱ्याचे बरोबर बोलणे ऐकून घ्यायला शरीर रिकामे असावे लागते.

शेवटी त्यांनी प्रस्ताव मांडला. नाणे त्यांचे, प्रवेश माझा आणि कूपन त्यांचे. "समसमान व्यवहार," असे म्हणून त्यांनी हात पुढे केला. हस्तांदोलन झाल्यावरच नाणे बाहेर आले. यंत्राने कूपन फेकले, ते त्यांनी सुरकुती पडू न देता रबराखाली घातले आणि मी आत गेलो.

आत सगळे लखलखीत होते, हे नाइलाजाने नमूद करतो. बैठक आपली आपण फिरून पुसली जात होती. फट कुठेही नव्हती. अमेरिकेतही एके काळी पैशांची शौचालये होती. १९७० च्या सुमारास अशी सुमारे ५० हजार होती आणि दारात दहा सेंटचे नाणे टाकावे लागे. त्यातही गोम अशी होती की कडी-कुलूप फक्त खोल्यांना असे आणि पुरुषांच्या उघड्या मुताऱ्या फुकट असत, म्हणजे भुर्दंड मुख्यतः बायकांनाच. १९६९ साली कॅलिफोर्नियाच्या मार्च फाँग यू या आमदारबाईंनी विधानभवनाच्या पायऱ्यांवर हातोड्याने शौचकूप फोडून याचा निषेध केला. पुढच्याच वर्षी ओहायोतल्या काही विद्यार्थ्यांनी पैशांची शौचालये बंद करण्यासाठी रीतसर समिती काढली, १९७३ मध्ये शिकागोने बंदी घातली, आणि दहाएक वर्षांत ती नाणेघरे जवळजवळ नामशेष झाली.

इथवर गोष्ट छान आहे. पण पैशांची शौचालये काढली तेवढी फुकटची बांधायला मात्र पालिका विसरल्या. मॅनहॅटनमध्ये भर दुपारी तातडी निर्माण झाली की माणूस कॉफीच्या दुकानात शिरतो, नको असलेली सहा डॉलरची कॉफी घेतो, पावतीवरचा आकडा दारावर दाबतो, आणि आत जाऊन येईपर्यंत ती कॉफी पुढच्या तातडीची तरतूद करून ठेवते. याला फुकट म्हणतात! हक्क आहे आणि जागा नाही, यापेक्षा जागा आहे आणि दर लिहिलेला आहे, हे बरे असेल कदाचित. पण मग साडेसात युरोच्या पाण्याबद्दल तरी कोणीतरी लाज वाटून घ्यावी की नाही? निदान त्या बाटलीबरोबर एक कूपन द्यायला काय हरकत होती?

वर येऊन पन्नासची नोट बायकोकडे दिली आणि तिने गोळ्यांची पुडी घेऊन ती मोडली. मी ताबडतोब एक युरो घेऊन त्या गृहस्थांकडे गेलो. ते उंच टेबलाशी सपत्नीक कॉफी पीत होते.

"नको," ते म्हणाले. "नाणे घेतले तर मला कूपन परत द्यावे लागेल, आणि कूपन या कॉफीत गेले. आणि कॉफी आता अर्धी झाली आहे."

"मला कूपन नकोच आहे. तुम्ही नुसतं नाणं घ्या."

"मग व्यवहार समसमान राहणार नाही."

त्यांच्या पत्नीने माझ्याकडे पाहून मान हलवली. त्या बाईंनी हे पुष्कळ वर्षे ऐकलेले होते, एवढे त्यातून कळले.

इतक्यात आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या हातातले नाणे उचलले. "अहो, द्या तो युरो इकडे. माझाही एक पेला होताच की." जिन्याकडे जाता जाता तिने हेही सुनावले की मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट असताना बायकांकडून पैसे घेतात म्हणून तिथल्या संघटनांना २०११ साली मोहीम काढावी लागली होती, इथे निदान पुरुषांनाही पैसे पडतात, तेव्हा आपली या देशाबद्दल काही तक्रार नाही.

ती खाली गेली. गृहस्थांनी कॉफीचा पेला खाली ठेवला, जिन्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत अदबीने विचारले, "आपल्या पत्नीला ते कूपन लागणार आहे का?"