नाटक कसं होतं हे नंतर विचारा, आधी कुठे बसला होतात ते सांगा

परवा प्रयोग सुटल्यावर आम्ही तिघं नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर तासभर भांडत होतो. भांडत म्हणजे अगदी आवाज चढवून. नाटक दोनच पात्रांचं, नवरा आणि बायको. त्यांचं मूल गेलंय, त्याला वर्ष होत आलंय आणि त्याबद्दल घरात अवाक्षर निघत नाही. दोन अंकांत ते हळूहळू तोंडून निघतं, एवढंच कथानक. असं नाटक पाहून झालं की पाय लगेच घराकडे वळत नाहीत. कुणाशी तरी बोलल्याशिवाय ते अंगातून उतरत नाही.

मित्राचं म्हणणं, हे क्रौर्याचं नाटक आहे. तो नवरा तिला शब्दाशब्दानं सोलून काढतो, दुसऱ्या अंकात तर तिच्याकडे बघवत नाही. मैत्रीण म्हणाली, छे, क्रौर्य कुठलं, तो बिचारा सबंध वेळ तिच्यापासून लांब पळतोय, हे एकटेपणाचं नाटक आहे. दोघंही इरेला पेटलेले. ती म्हणाली, "अरे, ते स्टूल बघ ना! शेवटपर्यंत दोघं त्या स्टुलाला वळसा घालून जातात, त्याला कुणी हातसुद्धा लावत नाही."

मित्र म्हणाला, "स्टूल? कुठलं स्टूल?"

मग डोक्यात प्रकाश पडला. तिकिटं उशिरा काढल्यामुळे आम्हाला तीन खुर्च्या तीन ठिकाणी मिळाल्या होत्या. मित्र पहिल्या रांगेत, मैत्रीण बाल्कनीत, मी आठव्या रांगेत डावीकडे. रंगमंच साधारण छातीइतका उंच. पहिल्या रांगेत बसलेल्याची नजर जेमतेम त्याच्या कडेवरून जाते. टेबलामागे ठेवलेलं लहान मुलाचं बुटकं स्टूल त्याला दिसणं शक्यच नव्हतं. त्याला काय दिसलं? नवऱ्याच्या मानेची ताणलेली शीर. बोलताना उडणारी थुंकी. आणि पाण्याच्या भांड्याच्या काठावरून सतत फिरणारा त्याचा अंगठा, त्या अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत. मित्रानं तो अंगठा पायऱ्यांवर बसून हुबेहूब करून दाखवला आणि आम्ही दोघी गप्प झालो, कारण तो अंगठा आम्ही पाहिलाच नव्हता.

बाल्कनीतून मैत्रिणीला जमीन दिसत होती. नाटकाची जमीन म्हणजे काय असते, हे वर बसल्याशिवाय कळत नाही. कोण कुणाच्या किती जवळ येतं, कुठून वळतं, कोणती जागा सगळे टाळतात, प्रकाश अंक पुढे सरकतो तसा कसा आकसत जातो. तिच्या लेखी मध्यावर एक रिकामं स्टूल होतं आणि त्याच्याभोवती दोन माणसं फिरत होती. मित्राच्या लेखी एक माणूस दुसऱ्याला चिरडत होता. दोघांचंही खरं होतं. फक्त दोघं एकाच नाटकाबद्दल बोलत नव्हते.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. एखाद्या गंभीर नाटकाबद्दल कुणी काही सांगायला लागलं, की आधी विचारावं, तुम्ही कुठे बसला होतात? परीक्षण लिहिणाऱ्यांनीही आपली रांग सांगून टाकावी, असं मला मनापासून वाटतं. समीक्षक बहुतेक वेळा पुढच्या मधल्या चांगल्या खुर्चीवरून बघतात, आणि बाकीचं नाट्यगृह त्या परीक्षणात कुठेच नसतं.

ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी कुणीतरी नीट विचार करून ठेवलेली आहे. भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या बांधणीवर आहे. लांबट, चौकोनी आणि त्रिकोणी असे आकार त्यात सांगितलेत, मोजमापं १०८, ६४ आणि ३२ हातांची. माणसांसाठी मात्र ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असंच नाट्यगृह बांधावं, त्याहून मोठं नको, असं त्यात आहे. कारण वाचून मी थक्क झाले होते. फार मोठ्या जागेत नटाचा आवाज अस्पष्ट होतो आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, म्हणून. ६४ हातांपैकी अर्धी जागा प्रेक्षकांची. एक हात म्हणजे दीड फूट धरला तर शेवटचा प्रेक्षक रंगपीठाच्या कडेपासून ४८ फुटांवर, म्हणजे साधारण १५ मीटरवर बसतो. आजचे नाट्यगृहांचे आराखडे करणारे वास्तुरचनाकार बोलक्या नाटकासाठी शेवटच्या रांगेची मर्यादा साधारण २० ते २४ मीटर धरतात, कारण त्यापलीकडे डोळे आणि ओठ वाचता येत नाहीत. भरताचा हिशोब त्याहून कडक होता! संगीताचा, नाचाचा कार्यक्रम लांबूनही भरभरून मिळतो. पण ज्या नाटकात सगळं काही न बोललेल्या वाक्यात आहे, त्याला अंतर सोसत नाही.

स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गनं १८८८ साली आपल्या 'मिस ज्यूली' या नाटकाला जी प्रस्तावना लिहिली, तीही अशाच मागण्यांची आहे. रंगमंचाच्या कडेचे खालून येणारे दिवे काढून टाका, त्यांनी चेहऱ्यावरच्या बारीक छटा मरतात. प्रयोग चालू असताना प्रेक्षागृहात पूर्ण अंधार करा. प्रेक्षकाची नजर नटाच्या गुडघ्याच्या वर यावी इतकी खालच्या प्रेक्षागृहाची जमीन उंच करा. आणि सगळ्यात आधी, लहान रंगमंच आणि लहान प्रेक्षागृह द्या. १९०७ मध्ये स्टॉकहोममध्ये त्याचं इंटिमेट थिएटर उभं राहिलं, त्यात खुर्च्या होत्या फक्त १६१. गुडघ्याची ती अट वाचली की मला आमच्या मित्राचं स्टूल आठवतं. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी कुणीतरी त्याची तक्रार मांडून ठेवली होती.

पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्स्की तर आणखी पुढे गेला. १९६५ च्या 'द कॉन्स्टंट प्रिन्स'मध्ये त्यानं प्रेक्षकांना उंच लाकडी कुंपणामागे बसवलं. कुंपणावरून डोकं काढून खाली चाललेला छळ बघायचा, शस्त्रक्रिया बघायला जमलेल्या विद्यार्थ्यांसारखा. तिथे तुम्ही कुठे बसता हा सोयीचा प्रश्नच उरत नाही. तिथे बसणं म्हणजेच काहीतरी करणं. एका माणसाचे हाल चाललेत आणि तुम्ही सुरक्षित जागेवरून वाकून बघताय. मला वाटतं, प्रत्येक तीव्र नाटकात हे थोड्याफार प्रमाणात असतंच, फक्त कुंपण दिसत नाही.

आता माझं म्हणणं. अशा नाटकाला पहिली रांग घेऊ नका, निदान पहिल्यांदा बघताना तरी. लोक पहिल्या रांगेसाठी जीव टाकतात, मी स्वतः कित्येक वर्षं टाकला. पण तिथे नट दिसतो आणि पात्र निसटतं. घाम दिसतो, रंगभूषेची कड दिसते, रडण्याआधी घेतलेला श्वास ऐकू येतो. तुम्ही नटाच्या कष्टांनी भारावता आणि त्या बाईचं दुःख बाजूला राहतं. शिवाय रंगमंचावरचा उजेड पहिल्या दोन-तीन रांगांच्या चेहऱ्यांवर सांडतो, नटांना ते चेहरे दिसतात. तिथे बसणं ही जबाबदारी आहे. परवाच्या प्रयोगात दुसऱ्या अंकातली सर्वात लांब शांतता चालू असताना दुसऱ्या रांगेत कुणीतरी मोबाईल उघडला. तो निळा उजेड नटीच्या नजरेच्या अगदी रेषेत. तिनं ती शांतता तरीही तोलून धरली, पण तिच्या खांद्यांत काहीतरी बदललं ते मला आठव्या रांगेतून कळलं. मला त्या माणसाचा अजूनही राग येतो. वेळ बघायची होती तर शेवटच्या रांगेत बसायचं.

बाल्कनी घेतलीत तर पुढची कड घ्या. आणि खालच्या मजल्यावर बाल्कनीच्या छताखाली, अगदी मागे बसायची वेळ आली तर विचार करा. आवाज तिथे पोचेपर्यंत बोथट होतो, कुजबूज तर पोचतच नाही. या नाटकात कुजबूजच सगळं काही होती.

मग कुठे बसावं? पाचवी ते नववी रांग, आणि बरोब्बर मध्यावर नको. थोडं एका बाजूला. कुठल्या बाजूला, यातच खरी मजा आहे. जो बोलतो त्याच्याकडे सगळेच बघतात, संवाद त्याचा असतो, प्रकाशही त्याच्यावर असतो. पण नाटक घडतं ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर. पहिल्या अंकात नवरा त्या रात्रीचा दवाखान्यातला प्रसंग सांगतो, चार-पाच मिनिटं सलग. तो उजवीकडे तोंड करून उभा. उजव्या बाजूच्या प्रेक्षकांना त्याचा सगळा चेहरा मिळाला, आम्हा डावीकडच्यांना त्याची पाठ आणि कान. सुरुवातीला मी खट्टू झाले. मग दिसलं, उजवीकडे खुर्चीत बसून ती ऐकतेय आणि तिचा चेहरा सरळ आमच्याकडे आहे. ती मोज्यांची जोडी लावत होती. एक मोजा दुसऱ्यात घालायचा, गुंडाळायचा, बाजूला ठेवायचा. त्यानं "डॉक्टर बाहेर आले" म्हटलं आणि तिचा हात मोज्यात शिरला तो शिरलाच, बाहेर निघेना. पुढचं सगळं भाषण तिनं हातात मोजा घालून ऐकलं. इतका लहान मोजा की तिची फक्त चार बोटंच आत मावली होती.

माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तेव्हा चष्मा काढला.

म्हणून मी आता आधी नाटक पाहून आलेल्याला गोष्ट विचारत नाही. विचारते, मुख्य खुर्ची कोणत्या बाजूला आहे आणि ती कुणाची? पाठ कुणाची दिसते? लोक जरा चक्रावतात, पण आठवून सांगतात. आणि नाटक खरंच आवडलं तर दुसऱ्यांदा दुसऱ्या बाजूनं बघते. आम्ही तिघांनीही तसंच ठरवलंय, मित्र वर जाणार, मैत्रीण पुढे.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगायची आहे. माझ्या मावशीला नाटकाचं वेड. काका गेल्यापासून तिनं नाट्यगृहाची पायरी चढली नव्हती. दोन वर्षं. मीही आग्रह केला नाही. पण या नाटकाबद्दल तिनं कुठूनतरी ऐकलं आणि स्वतःच फोन केला, "अगं, मला बघायचंय. पण मला जमेल की नाही माहीत नाही." मी म्हटलं, "मावशी, शेवटच्या रांगेत दाराजवळची खुर्ची घेऊ. तुला वाटलं तर सरळ उठून बाहेर जा, कुणाला ओलांडावं लागणार नाही. मी शेजारीच आहे." आत्ताच मी इथे मागच्या रांगांबद्दल नको नको ते लिहिलं, पण त्या दिवशी त्या नाट्यगृहात त्याहून चांगली खुर्ची नव्हती. कुणाला पाचवी रांग लागते, कुणाला उघडं दार. तीव्र नाटक करणाऱ्या मंडळींनी आणि तिकिटं विकणाऱ्यांनी या खुर्च्या खरं तर अशा माणसांसाठी राखून ठेवायला हव्यात. उशिरा येणाऱ्यांना नेमक्या त्याच खुर्च्यांवर अंधारात चाचपडत आणून बसवतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

मावशी पहिला अंकभर दाराकडे एक पाय वळवून बसली होती. पर्स मांडीवर, पर्सचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला. दवाखान्याच्या प्रसंगाला तिनं माझा हात धरला नाही, मला वाटलं होतं धरेल. मागून काही शब्द ऐकू येत नव्हते, तेव्हा ती पुढे वाकली. मध्यंतरात मी विचारलं, "निघायचं का?" तिनं मान हलवली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "तो पाठमोरा उभा असतो तेव्हा ती काय करत असते गं? इथून नीट दिसत नाही."

पुढच्या रविवारी पुन्हा प्रयोग आहे. आठवी रांग, डावीकडच्या दोन खुर्च्या मी काल काढून ठेवल्यात. मावशीला मोज्याबद्दल काही सांगितलेलं नाही.