‘पाच हजाराला ऑइल बदला’ सांगणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज अधूनमधून फेरी मारून जातो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. कंपन्या दहा हजार किलोमीटर सांगतात ती फसवणूक आहे, इंजिन लवकर बाद व्हावं म्हणून. ऑइल दर ५,००० किलोमीटरला बदलायचंच. ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर काळं दिसलं तर त्याआधीही बदला. आपल्या उन्हाळ्यात पाण्यासारखं पातळ ऑइल टिकत नाही, २०डब्ल्यू-५०, म्हणजे घट्ट ग्रेडचं ऑइल, टाका. जुन्या गाडीत सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेने बनवलेलं ऑइल, टाकलं की गळती लागते. सकाळी पाच मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवा. ऑइल खुणेच्या थोडं वर असलेलं बरं. आणि निघालेलं ऑइल लाकडाला लावा, वाळवी जवळ येत नाही. खाली सही असते ती कुणा जुन्या, अनुभवी मिस्त्रींची.

अनुभव खरा असेल. तो कोणत्या इंजिनांवरचा आहे, एवढंच मेसेज सांगत नाही. गंमत अशी की यातला पाच हजारांचा आकडा काही गाड्यांना चक्क बरोबर बसतो. पण त्यामागची कारणं चुकीची आहेत, आणि चुकीच्या कारणावर विश्वास ठेवला की माणूस पुढे जाऊन ऑइलही चुकीचं टाकतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘दर ५,००० ला बदला, कंपनीचा आकडा फसवा’

प्रीमियर पद्मिनी आणि अँबेसेडरच्या काळात हा सल्ला चोख होता. कार्बोरेटरची गाडी चोक ओढून सुरू केली की न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइल साठतं त्या चेंबरमध्ये उतरायचं आणि ऑइल पातळ करायचं. ऑइल साधं मिनरल (खनिज तेलापासूनचं), त्यातली रसायनं आजच्या मानाने बेताची. डिझेलची कथा आणखी वाईट. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत, म्हणजे दहा लाखांत १०,००० भाग गंधक चालत असे. गंधक जळलं की आम्ल तयार होतं. ते मारण्यासाठी ऑइलमध्ये क्षार घातलेले असतात. ते संपले की आम्ल थेट बेअरिंग खायला लागतं. अशा इंधनावर ऑइल लवकर बदलणं हाच शहाणपणा होता.

आता १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे भारत स्टेज ६ या प्रदूषण-निकषांचं, इंधन आहे. त्यात गंधक दहा लाखांत जास्तीत जास्त १० भाग, म्हणजे त्या काळाच्या हजारावा हिस्सा. पेट्रोल मोजून फवारणारं इंजेक्शन आलं, पिस्टन-रिंगची बसण नेमकी झाली, ऑइलही बदललं. ज्या शत्रूंसाठी पाच हजारांची मर्यादा होती, त्यातले दोन मोठे जवळजवळ मैदानातून गेले. अमेरिकेतही ३,००० मैलांची, म्हणजे साधारण ४,८०० किलोमीटरची, अशीच जुनी सवय होती. ती मोडायला कॅलिफोर्नियाच्या सरकारी कचरा-विभागाला मोहीम काढावी लागली. ‘तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा’ असं तिचं सांगणं होतं, कारण विनाकारण काढलेलं ऑइल शेवटी त्यांच्याच गळ्यात पडत होतं.

कटाचं म्हणाल, तर सर्व्हिसिंगवर कमावणाऱ्याला ऑइल जास्त वेळा बदललेलं हवं असतं, कमी वेळा नव्हे. हां, देखभालीचा खर्च कमी दाखवून गाडी खपवण्याचा मोह कंपन्यांना असतो, हे मान्य. पण वॉरंटीतलं इंजिन बसलं तर तो भुर्दंडही त्यांनाच पडतो.

मग पाच हजार साफ चूक का? नाही. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असं सांगितलेलं असतं. मेसेजवाले आणि मेसेजची टर उडवणारे, दोघंही त्यातला ‘किंवा १ वर्ष’ विसरतात. शिवाय त्याच मॅन्युअलमध्ये खडतर वापराचं वेगळं कोष्टक असतं. रोज तीन-चार किलोमीटरच्या छोट्या फेऱ्या, थांबत-थांबत चालणारा ट्रॅफिक, धुळीचे रस्ते, कायम भरलेली गाडी, असलं काही असेल तर बदलण्याचं अंतर बऱ्याचदा निम्म्यावर येतं.

हिशोब करून पाहा. घोडबंदर रोड किंवा हिंजवडीच्या गर्दीत सरासरी ताशी १५ किलोमीटर पडत असतील, तर १०,००० किलोमीटर होईपर्यंत इंजिन साडेसहाशे तासांहून जास्त चाललेलं असतं. समृद्धीवर किंवा सोलापूर रस्त्यावर सरासरी ताशी ६० ने तेच अंतर १६७ तासांत संपतं. ओडोमीटर दोघांना एकच आकडा दाखवतो, ऑइलने भोगलेलं मात्र चौपट असतं. त्यात घर ते भाजी मंडई एवढीच फेरी असेल तर ऑइल कधी पुरतं तापतच नाही. जळणातून आलेलं पाणी आणि पेट्रोलचा अंश उडून जाण्याऐवजी चेंबरमध्येच साठतो. निवृत्त काकांची वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणारी, चकचकीत ठेवलेली गाडी ऑइलच्या दृष्टीने सगळ्यात हालात असते. त्यांनी किलोमीटर मोजत बसू नये, कॅलेंडर बघावं. आणि महामार्गावर पळणाऱ्याने पाच हजाराला बदलून इंजिनाचं काही बिघडणार नाही, फक्त खिशाला चाट बसेल.

‘काळं झालं की संपलं’

दोन बोटांत ऑइल चोळून, काळं बघून मान हलवणं हा गॅरेजमधला जुना विधी आहे. त्यावरून फार काही कळत नाही. ऑइलमधली डिटर्जंट आणि डिस्पर्संट रसायनं काजळी ओढून घेतात आणि तिचे कण एकमेकांना चिकटू न देता तरंगत ठेवतात, म्हणजे ती इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्ये, थर करून बसत नाही. काळं झालेलं ऑइल हे काम करतंय. डिझेल गाडीत तर नवं ऑइल काही शे किलोमीटरमध्येच काळंकुट्ट होतं. त्यावर बदलायचं म्हटलं तर महिन्याला बदलावं लागेल.

याची उलटी बाजू जास्त धोक्याची आहे आणि ती मेसेजमध्ये नाही. सीएनजी जळताना काजळी जवळजवळ होत नाही. त्यामुळे सीएनजी गाडीचं ऑइल बरेच महिने मधासारखं दिसतं. पण उष्णतेने आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमुळे ते आतून जुनं होत असतंच. ‘अजून स्वच्छ आहे की’ म्हणत पंधरा-वीस हजार ओढणारे रिक्षा-टॅक्सीवालेच नव्हेत, घरगुती गाडीवालेही भरपूर आहेत. रंगाची कसोटी पेट्रोल-डिझेलला नाहक घाबरवते आणि सीएनजीला नाहक निश्चिंत करते.

डोळ्याने बघण्यासारखं काही असेल तर ते वेगळं. पट्टीवर किंवा चेंबरच्या ऑइलमध्ये दूधकॉफीचा रंग आला तर कूलंट किंवा पाणी मिसळलं असण्याची शक्यता मोठी, गाडी तिथेच उभी करा. पेट्रोलचा उग्र वास, किंवा चकाकणारे धातूचे कण, हेही दुर्लक्ष करण्याजोगं नाही.

‘आपल्या उन्हात घट्ट ऑइलच हवं’

सगळ्या मेसेजमध्ये प्रत्यक्ष नुकसान करणारा सल्ला हाच.

मे महिन्यात नागपूरला बाहेर ४५ अंश असोत की जानेवारीत महाबळेश्वरला ८, तापलेल्या इंजिनातलं ऑइल साधारण ९० ते ११० अंशांच्या आसपासच असतं. ते थर्मोस्टॅट आणि रेडिएटर सांभाळतात. म्हणूनच डब्यावरचा दुसरा आकडा, १६, २०, ३०, ५०, हा १०० अंशांना मोजलेला असतो. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहतेपणाचा. १०० अंशांना १६ ग्रेडचं ऑइल ६.१ ते ८.२ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) भरतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. म्हणजे दुपटीहून घट्ट. ४० अंशांना, म्हणजे सकाळी गाडी सुरू करतानाच्या जवळपासच्या तापमानाला, ०डब्ल्यू-२० आणि २०डब्ल्यू-५० मधला फरक साधारण चौपट होतो.

मारुतीच्या अलीकडच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ सांगितलेलं आहे. त्या इंजिनांत बेअरिंगमधली फट, पंपाची ताकद, व्हॉल्व्हची वेळ पुढे-मागे करणाऱ्या यंत्रणेच्या बारीक वाटा, हे सगळं त्या पातळ ऑइलवर बेतलेलं असतं. गाडी सुरू झाल्यावरचे पहिले काही क्षण इंजिनाच्या झिजेच्या दृष्टीने नाजूक असतात, आणि घट्ट ऑइल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत उशिरा पोहोचतं. ‘पण ऑइलचं प्रेशर जास्त दाखवतं ना!’ हा हुकमी पत्ता. प्रेशर म्हणजे वाहायला होणारा अडथळा. उसाचा रस नळीने ओढताना गाल दुखत नाहीत, पाक ओढताना दुखतात. तोंडात जास्त काय आलं ते सांगा. घट्ट ऑइलने पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतो आणि काही ऑइल कामाला न लागता परत फिरतं.

ग्रेडइतकीच महत्त्वाची गोष्ट डब्याच्या मागच्या बाजूला असते: एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, दर्जा सांगणारी श्रेणी. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी आरपीएमवर जोर दिला की ठिणगीच्या आधीच इंधन पेटण्याची खोड असते, आणि त्या फटक्याने पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचा त्यात हात असतो, हे लक्षात आल्यावर मिश्रणं बदलली. २०२० साली आलेल्या एपीआय एसपी श्रेणीत त्याची चाचणीच आहे. बाजारातल्या पुष्कळ २०डब्ल्यू-५० डब्यांवर याहून जुन्या श्रेणी असतात. फोर्डच्या १.० इकोबूस्टसारख्या इंजिनांत टायमिंग बेल्टच ऑइलमध्ये भिजलेला चालतो; तिथे भलतं ऑइल म्हणजे बेल्टच्या आयुष्याशी खेळ. बीएस-६ डिझेलला राख कमी करणारं ऑइल लागतं, नाहीतर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, कायमचा तुंबत जातो. ती राख जाळूनही जात नाही.

पातळ ऑइलमागे अ‍ॅव्हरेज वाढवण्याचं, सरकारी इंधन-निकष गाठण्याचं कारणही आहे, हे खरं. पण म्हणून ते इंजिनाच्या विरोधात जात नाही. काही मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० सोबत ५डब्ल्यू-३० चा पर्याय छापलेला असतो. कायम घाट, कायम भार असेल तर तो खुशाल घ्या. छापलेल्या कोष्टकाबाहेर मात्र जाऊ नका. घरी पद्मिनी जपून ठेवली असेल तर तिला २०डब्ल्यू-५० घाला, तिची तक्रार नसेल. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. त्यांचं ऑइल अजून सल्ल्यांतून वाहतंय.

‘सिंथेटिकने गळती लागते’

१९७० च्या दशकातल्या पहिल्या सिंथेटिक ऑइलांच्या बाबतीत हे घडलंय. ती तेव्हाच्या रबरी सीलना मानवत नव्हती, सील आकसायचे. पुढे मिश्रणं आणि सीलचं रबर दोन्ही सुधारलं. आज जुन्या गाडीत सिंथेटिक टाकल्यावर गळती दिसली, तर बहुधा सील आधीच गेलेला असतो आणि साचलेल्या गाळाने भोक बुजवलेलं असतं. नव्या ऑइलने गाळ धुतला आणि चोर सापडला. तसंच मिनरलवरून सिंथेटिकवर जाण्याआधी इंजिन आतून धुणाऱ्या ‘फ्लश’ची बाटली लागतेच असं नाही. आधी एकदा लवकर ऑइल आणि फिल्टर बदला, पुरे. वाटेत ऑइल कमी पडलं आणि आपला ब्रँड मिळाला नाही तर दुसऱ्या ब्रँडचं त्याच ग्रेडचं, त्याच श्रेणीचं टाका. काही दही होत नाही.

‘पाच मिनिटं जागेवर चालू ठेवा’

अर्धा मिनिट पुरे, मग हळू निघा. जागेवर इंजिन सावकाश तापतं आणि पेट्रोल ऑइलमध्ये जातं. टर्बो गाडीला उलट शेवटी मिनिटभर द्या: खंबाटकी चढून लगेच ढाब्यावर थांबलात तर चावी फिरवायची घाई नको, टर्बोचा तापलेला दांडा ऑइलवरच निवतो.

‘थोडं जास्त असलेलं बरं’

नाही. पातळी वरच्या खुणेच्या फार वर गेली तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि पंप फेस ओढायला लागतो. जास्तीचं ऑइल हवेच्या वाटेने जळणात जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं. बऱ्याच गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर लिटरभराच्या आसपास असतं, त्यामुळे ‘अजून अर्धा ओत’ ही किरकोळ गोष्ट नाही. पट्टी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी, पुसून पुन्हा घालून बघायची.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी तर हे महिन्याला बघावं. डीपीएफमधली काजळी जाळण्यासाठी इंजिन जास्तीचं डिझेल फवारतं. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत हे जाळणं अर्धवट तुटतं आणि डिझेल चेंबरमध्ये उतरतं. पट्टीवर ऑइल आपोआप वाढलेलं दिसतं. ‘वा, गाडी ऑइल खात नाही’ म्हणून खूश होऊ नका. किलोमीटर कितीही झालेले असोत, ते ऑइल बदलायचंच.

‘जुनं ऑइल लाकडाला लावा’

गावाकडे कुंपणाच्या खांबांना, गोठ्याच्या वाशांना हे सर्रास लावतात. वापरलेल्या ऑइलमध्ये झिजलेले धातू आणि जळणातून आलेली कर्करोगकारक संयुगं असतात. पावसाळ्यात ते धुऊन मातीत आणि विहिरीत जातं, गुरं ते खांब चाटतात. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेलं ऑइल गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी ऑइल उत्पादकांवरही टाकली आहे. घरी ऑइल बदलत असाल तर ते डब्यात भरून मोठ्या वर्कशॉपला किंवा पेट्रोल पंपाला द्या. अधिकृत रिसायकलरकडे पाठवणाऱ्यालाच द्या, भंगारवाल्याला नको. आणि नव्या ऑइलचा रिकामा झालेला डबा देण्याआधी त्याला खिळ्याने भोक पाडा, झाकण वेगळं टाका. नकली ऑइल भरायला असेच चांगले डबे शोधत लोक फिरत असतात.