दीड दिवसाच्या अंधाराबद्दल

नमस्कार काका,

'मुलगा एक सेन्सर लावायला आला आणि अख्खं घर बंद पाडून गेला. दीड दिवस बेडरूममध्ये मेणबत्ती, भिंतीवरचं बटणही चालेना, वर 800 रुपये व्हिजिटचे' असं आमच्या स्मार्ट-होमच्या कामाच्या रिव्ह्यूत लिहून तुम्ही एक तारा दिलात. यातलं काहीही खोटं नाही.

नवा सेन्सर जोडताना आमच्या मुलाने झिगबी-टू-एमक्यूटीटीच्या (दिवे, बटणं, सेन्सर यांच्याशी झिगबी या वायरलेस नेटवर्कवरून बोलणारं सॉफ्टवेअर) चालू कॉन्फिगरेशनवर दुकानातली कोरी फाइल चिकटवली. त्या फाइलीत नेटवर्क-कीच्या, म्हणजे उपकरणांना नेटवर्कवर घेणाऱ्या गुप्त किल्लीच्या, जागी 'जनरेट' लिहिलेलं असतं, म्हणजे नवी किल्ली तयार कर. तुमची 31 उपकरणं जुन्या किल्लीवर. सिस्टीम अडून बसली, सुरूच होईना, आणि ते तिचं बरोबरच होतं. अशा वेळी लॉग, म्हणजे सिस्टीमची नोंदवही, सांगतो की नवंच नेटवर्क हवं असेल तर कोऑर्डिनेटरच्या (झिगबी नेटवर्क सांभाळणारा रेडिओ) बॅकअपची फाइल काढा, मात्र सगळी उपकरणं पुन्हा जोडावी लागतील. पठ्ठ्याने पहिलं अर्धं वाक्य वाचलं आणि फाइल उडवली. मग मला फोन करायचा सोडून चार दिवे नव्याने पेअर करत, म्हणजे नेटवर्कला जोडत, बसला. घाबरला होता. मला कळलं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

दुरुस्तीला जेमतेम अर्धा तास लागला, हेच जास्त लागलं मला. आदल्या रात्रीचा बॅकअप डब्यातच, म्हणजे हे सगळं चालवणाऱ्या तुमच्या घरातल्या छोट्या संगणकातच, होता. त्यातून जुनी किल्ली आणि कोऑर्डिनेटरची फाइल परत आणली, तसे विजेवरचे स्विच आपोआप परतले. सेलवरचे सेन्सर बटण दाबून उठवावे लागले. मुलाने नव्याने जोडलेले चार दिवे तेवढे पुन्हा पेअर केले.

'होम असिस्टंटच कुचकामी' हे तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. होम असिस्टंट म्हणजे डब्यातलं मुख्य सॉफ्टवेअर. ते चालूच होतं. खाली झिगबी पडलं होतं, तेही आमच्या हाताने.

बेडरूमच्या बटणाचा दोष त्या मुलाचा नाही, माझा. तिथे दिव्याला वीज कायम असते, बटण फक्त डब्याला निरोप देतं. डबा मुका झाला की बटण शोभेचं. हे आराखडा काढतानाच दिसायला हवं होतं. खरं तर एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचा खटका) एकदा पाडून वर केला असता तरी ते बल्ब लागले असते, पण तेवढं सांगायला आमच्याकडे तुमचा फोन कोणी उचलला नाही.

800 रुपये काल परत पाठवलेत. रविवारी 11 वाजता मी स्वतः येतो. बेडरूमची बटणं बल्बशी थेट बाइंड करून (जोडून) देतो, म्हणजे डबा बंद असला तरी दिवा लागेल. तुमच्यासमोर डब्याची वायर काढून दाखवतो. बाल्कनीच्या दाराचा सेन्सर अजून उठलेला नाही, त्याचा सेलही घेऊन येतो. काकूंच्या पूजेची वेळ असेल तर फोन करा, दुपारी येईन.