पेठ सुधारते आहे, जपून चाला

सोलापूरच्या नव्या पेठेतून आलेला माणूस ओळखायला त्याच्या हातातली पिशवी बघावी लागत नाही. पँट घोट्याच्या वर दोनदा दुमडलेली, उजव्या चपलेत चिखल, डाव्या चपलेत फुफाटा, आणि मान इतकी खाली की देवळातही कधी एवढी वाकली नसेल. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव लागलं. मध्यवस्तीत सुविधा येऊ लागल्या आणि आम्ही त्या सुविधांमधून वाट काढू लागलो. आता पार्क चौकात चहा पिणारा कुणीही माणूस ‘जीएसबी’ (रस्त्याखालचा खडीचा थर), ‘पीसीसी’ (बिनसळईचं काँक्रीट), ‘डक्ट’ (केबल घालायची नळी) हे शब्द न अडखळता उच्चारतो. पूर्वी त्याच बाकावर सुताचे भाव निघायचे. माझं ज्ञानही त्याच बाकावरचं आहे, फक्त मी त्याला मोजपट्टी लावून बघतो.

सुरुवात पायाखालून करू. पेव्हर ब्लॉक दिसायला गरीब. नुसतं चालायचं असेल तर ६० मिलिमीटर जाड चालतो, गाडी चढणार असेल तर ८० लागतो. (सोलापुरात गाडी चढणार नाही असा फुटपाथ अजून जन्माला यायचा आहे, तेव्हा सगळीकडे ८० च धरा.) खाली दाबून बसवलेला मुरूम किंवा खडी, त्यावर इंच-दीड इंच वाळू, वर ब्लॉक. इथपर्यंत सगळे नीट करतात. खरं काम पुढं आहे. बारीक, कोरडी वाळू झाडूनं सांध्यांत भरायची, वरून कंपॅक्टर फिरवायचा, वाळू खाली बसली की पुन्हा भरायची. ब्लॉकला ब्लॉक धरून ठेवते ती ही सांध्यातली वाळू. पण हे काम नेमकं उद्घाटनाच्या आदल्या रात्रीवर येतं, आणि त्या रात्री सगळी माणसं मांडवाला झालर लावत असतात.

मग पहिला पाऊस येतो. सांधे रिकामे असल्यानं पाणी सरळ खाली उतरतं, वाळू घेऊन जातं आणि ब्लॉकखाली वाटीभर पोकळी ठेवतं. दुसऱ्या दिवशी ऊन पडतं. ब्लॉक वरून ठणठणीत कोरडा, खाली पाणी भरलेलं. एका कोपऱ्यावर पाय पडला की समोरच्या कोपऱ्यातून पिचकारी उडते, आणि ती नेहमी दुसऱ्या पायाच्या पोटरीवरच बसते. यावर उपाय आहे. ज्या ब्लॉकच्या भोवतीची रेघ काळी, ओली दिसते त्याच्या कोपऱ्यावर पाय देऊ नका, मधोमध द्या. रेघ पांढरी, भुरभुरीत असेल तर बिनधास्त चाला. दुसरी खूण कडेला सापडते. फुटपाथच्या काठाचे दगड काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले नसतील तर कडेची रांग महिन्याभरात गटाराकडे सरकते, मग तिच्या आतली, मग तिच्याही आतली. काठ न बांधलेल्या चादरीचं काय होतं हे सोलापूरकराला कुणी समजावून सांगायला नको.

रुंदीचा हिशेब वेगळाच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी जागा हवी, बाजारपेठेत त्याहून जास्त. कागदावर ती असतेच. त्यातून विजेचा खांब वजा करा, झाडाचं आळं वजा करा, सुशोभीकरणाची कुंडी वजा करा, आणि दुकानाबाहेर नऊवारी नेसून उभी असलेली बाहुली वजा करा. बाहुलीला धक्का लागला की आतून आवाज येतो, “ओ मामा, बघून चाला की!” उरलेल्या जागेत एक पाऊल मावतं. दुसरं रस्त्यावर ठेवायचं.

फुटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी असंही नियमात आहे. आपल्याकडे ती गुडघ्याशी बोलते. कारण असं, की दुकानाचा उंबरा वर, रस्ता खाली, आणि मधली सगळी उंची बिचाऱ्या फुटपाथच्या वाट्याला येते. काही ठिकाणी नेमकं उलटं होतं. जुना थर न खरवडता त्यावर नवा डांबराचा थर, त्यावर आणखी एक, असं करत रस्ताच वर येतो, दुकानाची पायरी जमिनीत जाते आणि पाऊस गिऱ्हाइकाच्या आधी आत शिरतो. मग दुकानदार स्वखर्चानं सिमेंटचा उतार ओततो, तो गटाराच्या तोंडावर येतो, गटाराचं पाणी शेजारच्या दुकानात जातं, शेजारीही उतार ओततो. महिन्याभरात सगळी गल्ली तिरकी.

अंध व्यक्तींसाठी बसवलेल्या पिवळ्या फरश्या बघाव्यात. लांब उंचवट्यांची फरशी म्हणजे चालत राहा, गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा. काही जागी ही पिवळी वाट सरळ विजेच्या डीपीपर्यंत जाते. बारकाईनं पाहिलं तर डीपीच्या अलीकडे ठिपक्यांची फरशी असते. म्हणजे नियम पाळलेला आहे, तक्रारीला जागा नाही.

गाडी घेऊन गेलात तर सम-विषम पार्किंग आलं. विषम तारखेला रस्त्याची एक बाजू, सम तारखेला दुसरी. ३१ तारखेनंतर १ येते, दोन्ही विषम, म्हणून त्या रात्री गाडी हलवावी लागत नाही. असे महिने वर्षात सात. मध्यवस्तीतला माणूस सुट्ट्यांची यादी नंतर पाठ करतो, ही आधी.

पण हे सगळं वरवरचं. सोलापूरच्या सुधारणेचं खरं गणित पाण्याच्या पाळीत आहे, आणि ते बाहेरच्या सल्लागाराच्या नकाशात कधीच उतरत नाही.

उजनीचं पाणी सुमारे ११० किलोमीटरचा प्रवास करून शहरात येतं आणि वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला येतं. म्हणजे रस्त्याखालच्या नळ्या आठवड्यातला बहुतेक काळ कोरड्या. रस्त्याच्या एका बाजूला मुख्य वाहिनी, तिच्यावर फेरूल (घरची नळी जोडायचा तुकडा), तिथून अर्धा इंची नळी रस्त्याखालून आडवी जाऊन समोरच्या घरात. अशा नळ्या एका गल्लीत पंचवीस-तीस असतात. त्या कुठून जातात हे ज्या प्लंबरला ठाऊक होतं तो कधीच निवृत्त झालेला. नळी दोन-तीन फुटांवर, केबलच्या डक्टचा चर त्याहून खोल. जेसीबीच्या दाताला अर्धा इंची नळी लागली हे चालकाला कळतसुद्धा नाही. जिथं रोज पाणी असतं तिथं लगेच कारंजं उडतं, आरडाओरडा होतो, काम थांबतं. आपल्याकडे नळी कोरडी. ती निमूट तुटते.

सोमवारी चर खोदला, चार नळ्या तुटल्या, कुणाला पत्ता नाही. मंगळवारी डक्ट टाकला. बुधवारी माती लोटली. गुरुवारी वर काँक्रीट आणि ब्लॉक, संध्याकाळी फोटो. शुक्रवारी पहाटे पालिकेचा चावीवाला पाण्याची चावी सोडतो, आणि एका रात्रीच्या नव्याकोऱ्या फुटपाथमधून बुडबुडे येऊ लागतात. समोरच्या अक्का रिकामी घागर घेऊन दारात उभ्या, “माझ्या नळाला थेंब नाही आणि रस्त्याला गंगा आलीय!” शनिवारी पुन्हा जेसीबी. या वेळी तो गळकी नळी शोधताना शेजारची चांगली नळी तोडतो. तीही कोरडी असते. ती कळेल पुढच्या पाळीला.

दुसरा घोटाळा याहून गंभीर, इथं थट्टा पुरे. चराच्या शेजारी गटार असतं. पाणी बंद होताना नळीतला दाब जातो, आणि तुटलेल्या जागेतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. म्हणून आपल्या गल्लीत खोदकाम झालं असेल तर त्यानंतरच्या पहिल्या पाळीला नळ सरळ हौदात सोडू नका. पहिली दहा-पंधरा मिनिटं पाणी बादलीत धरा, रंग बघा, वास घ्या. गढूळ असेल तर ते फरशी धुवायला ठेवा, आणि प्यायचं पाणी त्या आठवड्यात उकळूनच घ्या. चार दिवसांनी आलेलं पाणी असं बादलीत बाजूला काढायला जिवावर येतं, मान्य. पण पाच दिवसांच्या साठ्याचा सगळा हौद नासला तर उपसायला लागणारं पाणी कुठून आणणार?

उपाय फार महाग नाही. चर बुजवण्याआधी चावीवाल्याला तेवढ्या गल्लीपुरती अर्धा तास चावी सोडायला लावायची. सगळ्या तुटक्या नळ्या आपोआप तोंड उघडतात. त्या उघड्या चरात जोडायच्या, मगच माती लोटायची. ते जमत नसेल तर एक पाळी होऊन जाईपर्यंत चर उघडा ठेवायचा, कडेला पत्रे आणि रात्री लाल दिवा. पण खोदणारे वेगळे, चावी सोडणारे वेगळे, आणि पत्रे भाड्यानं देणारे त्याहून वेगळे. तिघांची भेट होते ती फक्त बिल काढताना.

माती लोटायचीही पद्धत आहे. चरातून निघते काळी माती. ती भिजली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. तीच परत चरात ढकलली तर पहिल्या पावसाळ्यात चराची रेघ चार बोटं खाली बसते आणि दुचाकीचं चाक बरोबर त्या रेघेत जातं. काळी माती ट्रॉलीनं बाहेर न्यायची, आत मुरूम भरायचा, वीत-वीत जाडीच्या थरानं, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करायची. अख्खा चर एका दमात भरून वरून रोलर फिरवला तर वरची वीतभर माती दबते, खालची तशीच पोकळ राहते. गल्लीतल्या माणसानं हे तपासायचं कसं? दीड फूट लांब सळई हातानं दाबून बघावी. सहज आत गेली तर पुढच्या जूनमध्ये तिथं पाणी साठणार.

काँक्रीटच्या रस्त्याचं थोडक्यात सांगतो. ओतल्यावर किमान १४ दिवस ओला ठेवायचा, जड वाहनं २८ दिवसांनी. साधारण साडेचार मीटरवर आडवा काप मारायचा, तोही ओतल्यापासून काही तासांतच, थराच्या पाव ते एक तृतीयांश खोलीपर्यंत. काप उशिरा मारला तर काँक्रीट स्वतःच्या मर्जीनं तडकतं, वाकडंतिकडं. मे महिन्यात बेचाळीस अंशांत भर दुपारी रस्ता ओतायचा आणि पाण्याचा टँकर संध्याकाळी यायचा, यात काँक्रीटची चूक काय? सगळ्यात पक्कं काम त्यावरून चालून गेलेल्या कुत्र्याचं. त्याच्या पावलांचे ठसे रस्ता असेपर्यंत राहतात.

चेंबरच्या झाकणांवर अक्षरं असतात ती वाचत चला. एलडी २.५, एमडी १०, एचडी २०, ईएचडी ३५. हे आकडे टनांचे. अडीच टनाचं झाकण फुटपाथला आणि बागेला, वीस टनाचं वर्दळीच्या रस्त्याला. कधीकधी बदलाबदली होते. फुटपाथवर चार माणसांनाही न उचलवणारं झाकण, आणि रस्त्यात विटांच्या ट्रकखाली अडीच टनाचं. ते फुटतं, मग त्यात झाडाची फांदी खोचली जाते. ही फांदी मात्र कुठल्याही फलकापेक्षा विश्वासाची, कारण ती लावणारा स्वतः पडता पडता वाचलेला असतो.

स्वच्छतागृहाला कुलूप का, असं बाजारात आलेल्या बायका विचारतात. त्याचं उत्तरही पाळीतच आहे. धरा, वर १,००० लिटरची टाकी. एका माणसामागे फ्लश आणि हात धुणं मिळून आठ लिटर. १२५ माणसांत टाकी संपली. बाजाराच्या दिवशी ती दुपारी दोनलाच संपते आणि पुढचं पाणी चार दिवसांनी. मग कुलूप. रोज दोनशे माणसं धरली तर पाच दिवसांना ८,००० लिटर साठा हवा, म्हणजे खाली हौद, पंप, आणि पंपाचं वीजबिल भरणारा कुणीतरी. टाइल्स इटालियन निवडण्याआधी हा गुणाकार करायला काय हरकत होती? एवढं करून किल्ली कुणाकडे आहे ते शेजारच्या पानवाल्याला विचारा. बहुतेक त्याच्याचकडे असते.

ज्याला सुधारणा डोळ्यांनी बघायची आहे त्यानं गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या आधी, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फिरावं. सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज बाळीवेशीतून निघतात आणि ६८ लिंगांना प्रदक्षिणा घालतात. उंचच उंच ध्वज उभा पेलून चालणाऱ्याच्या पायाखाली खड्डा चालत नाही आणि डोक्यावर लोंबती केबल चालत नाही. त्यामुळे त्या वाटेवर वर्षभर न सुटलेली कोडी आठवड्यात सुटतात. वायरी वर जातात, गतिरोधक सपाट होतात, झाकणं रस्त्याच्या पातळीला येतात. खडी, डांबर, माणसं, सगळं उपलब्ध असल्याचं तेव्हा कळतं. आमच्या गल्लीचं दुखणं एवढंच, की ती मिरवणुकीच्या वाटेपासून दोन वळणं आत आहे.

यात्रा उरकली की थांबवलेली खोदाई पुन्हा सुरू होते. जेसीबी गल्लीच्या तोंडाशी दिसला की चालकाशी भांडू नका, त्याला चहा पाजा आणि आपल्या घराची नळी कुठून आडवी जाते तिथं चुन्यानं रेघ ओढून ठेवा. आणि पाणी कोणत्या वारी सुटणार, तेवढं चावीवाल्याला आदल्या दिवशीच विचारून घ्या.