कोणत्या परीक्षेचं पाहिजे?

लातुरात पुस्तकाच्या दुकानात पाऊल टाकलं की काउंटरमागून प्रश्न येतो, "कोणत्या परीक्षेचं?" विचारणारा मान वर करत नाही. त्याची गरजच नसते. नीट, जेईई, सीईटी, तलाठी, पोलीस भरती, यातलं काहीही तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत त्याचा हात बरोबर त्या गठ्ठ्यावर गेलेला असतो. मी म्हणतो, "परीक्षेचं नको. असंच, वाचायला." मग तो मान वर करतो. आधी माझ्या टकलाकडं बघतो, मग माझ्यामागं एखादं पोरगं उभं आहे का ते बघतो.

"असंच म्हंजे? कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुमची कोणती राहिलीय?"

त्याचा काही दोष नाही. 'लातूर पॅटर्न'चं गाव आहे. दर जूनला बाहेरगावची पोरं गाद्या आणि बादल्या घेऊन इथं उतरतात आणि दोन वर्षांत डॉक्टर व्हायच्या वाटेला लागतात किंवा वाट चुकतात. ज्या पुस्तकाच्या शेवटी उत्तरं दिलेली नाहीत ते छापलंच कशाला, असा इथला सरळ हिशेब. मला मात्र नाद लागलाय तो कुणी न सांगितलेल्या पुस्तकांचा. विषय कोणताही चालतो. फक्त ते पुस्तक मला आधी कुणी वाढदिवसाला दिलेलं नसावं.

कारण वाढदिवसाला माझ्याकडं कर्ण येतो. "तुम्हाला वाचनाची आवड आहे ना, म्हणून आणलं," असं म्हणत साडू, मेव्हणा, ऑफिसातले लोक कर्णावरची तीच जाडजूड कादंबरी कौतुकानं हातात ठेवतात. कर्ण आमच्या घरी इतक्यांदा येऊन गेलाय की आता कवचकुंडलं त्यानं मागावीत आणि मी द्यावीत. व्हॉट्सॲपवर 'मरण्याआधी वाचायलाच हवीत' अशी एक यादी फिरते. तीत पहिला कर्णच. बाकीची नावंसुद्धा वर्षानुवर्षं तीच, फक्त पाठवणाऱ्याचा सुप्रभात बदलतो.

लोकसाहित्याचे अभ्यासक डॉ. प्रभाकर मांडे यांचं 'गावगाड्याबाहेर' नावाचं पुस्तक आहे. गावाच्या चौकटीत न बसलेल्या, पालं ठोकून फिरणाऱ्या लोकांबद्दलचं. मांडे सर आयुष्यभर आमच्या मराठवाड्यात राबले, २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हटलं, आता तरी दुकानात पुस्तक दिसेल. गेलो. दुकानदाराचे डोळे पहिल्यांदाच चमकले.

"मांडे? पद्मश्री, २०२३. चालू घडामोडीत आहेत. एक मार्काला येऊ शकतंय."

"त्यांचं पुस्तक आहे का?"

"पुस्तक?" तो म्हणाला. "ते सिलॅबसमध्ये नाही."

छत्रपती संभाजीनगरला कामानिमित्त गेलो की मी रद्दीच्या दुकानात शिरतो. तिथं निदान परीक्षा विचारत नाहीत. "क्या होना साब?" "किताबें." "पतली होना के मोटी?" प्रश्न नेमका आहे. मोठमोठ्या ग्रंथपालांना असं दोन कप्प्यांत जग बसवता आलेलं नाही. मी मोटी म्हटलं. ट्रॅक्टरची माहितीपुस्तकं, अपेक्षित प्रश्नसंच आणि कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम असा ढिगारा उपसल्यावर सेतुमाधवराव पगडींचं 'जीवनसेतू' हाताला लागलं. हे पगडी आमच्या निलंग्याचे, जन्म १९१०. हैदराबाद संस्थानात अधिकारी होते. आदिलाबाद भागात नेमणूक झाली तेव्हा आधी गोंडी शिकले, मग कोलामी शिकले, आणि शिकून गप्प बसले नाहीत, व्याकरणं लिहिली. मी एका सरकारी खात्यात कारकून आहे. बदली झाल्यावर माणूस तिथली भाषा शिकतो, हे मी आमच्या ऑफिसात बोललो तर लोक मला आजारपणाची रजा मंजूर करतील. रद्दीवाल्यानं पुस्तक काट्यावर टाकलं, वर अर्धं पारडं रिकामं राहिलं म्हणून शिल्लक वजनाचं एक बी.एड.चं पुस्तकही आग्रहानं दिलं. ते नको म्हणालो तर म्हणाला, "ले जाव, भाव सेम है."

खरी कसोटी वाचनालयात. आपल्याकडं १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं अ, ब, क, ड असे वाचनालयांचे वर्ग पडतात. मी ज्या वाचनालयात जातो त्याचं नाव सांगत नाही, वर्गावरून ओळखू नये म्हणून वर्गही सांगत नाही. तिथं पेपर वाचायला जागा मिळत नाही आणि पुस्तकांच्या कपाटापाशी कधीच गर्दी नसते, कारण कपाटांना कुलपं आहेत. किल्ली ग्रंथपालांच्या करगोट्याला. ग्रंथपाल लग्नात. लातूर जिल्ह्यात लग्नसराई साधारण बारा महिने चालते.

एकदाचे ते भेटले. रंगनाथन नावाच्या थोर माणसानं १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यात एक आहे, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आमचे ग्रंथपाल म्हणाले, "आमच्याकडं पुस्तकाला वाचक मिळाला की नंतर पुस्तक मिळत नाही, म्हणून कुलूप." यावर रंगनाथनांनीही काही लिहिलेलं नाही. वर्गीकरणाबद्दल विचारलं तर म्हणाले, ड्यूईचे आकडे रजिस्टरात आहेत, कपाटात पुस्तकं नावावरून आणि उंचीवरून लावलीत. त्यामुळं 'जागर' हे नरहर कुरुंदकरांचं वैचारिक लेखांचं पुस्तक धार्मिक विभागात, देवीच्या आरत्यांशेजारी. कुरुंदकरांना हे कळलं असतं तर त्यांनी नांदेडहून येऊन त्यावर दीड तास व्याख्यान दिलं असतं आणि आरतीवाल्यांनाही ते पटलं असतं.

असं कपाट मला फार आवडतं. नीट लावलेल्या वाचनालयात माणसाला तेच सापडतं जे तो शोधायला आला. इथं मी राशिभविष्याच्या कप्प्यात सहज हात घातला आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'भारतीय ज्योतिषशास्त्र' बाहेर आलं. १८९६ साली निघालेला ग्रंथ. दीक्षित पेशानं शिक्षक. राशी, साडेसाती, मंगळ या भानगडींत हा माणूस रमत नाही. आपल्या लोकांनी आकाश कसं मोजलं, कुणी कोणत्या शकात कोणता ग्रंथ लिहिला, कुणाचं गणित कुठं चुकलं, याचा हा दांडगा इतिहास आहे. आतल्या पानावर आधीच्या कुणा वाचकानं पेन्सिलीनं अभिप्राय दिला होता, "विवाहयोग दिलेला नाही. वेळ वाया." त्याखाली दुसऱ्या अक्षरात, "सहमत."

पुस्तक घरी आणलं आणि माझी झोप गेली. शतपथ ब्राह्मणात एक वाक्य आहे, की बाकीची नक्षत्रं पूर्वेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. शेकडो पंडितांनी हे वाक्य घोकलं असेल. दीक्षितांनी त्यावर गणित मांडलं. पृथ्वीचा आस हळूहळू भोवऱ्यासारखा फिरतो, त्यामुळं ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा सरकतात. मग कृत्तिका बरोब्बर पूर्वेला कधी उगवत होत्या? इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षं. एका वाक्याची तारीख काढली, तीही कृत्तिकांना साक्षीला बोलावून! मी रात्री बायकोला उठवून हे सांगितलं. ती म्हणाली, "बरं. आता त्यांना झोपू द्या."

पण आज त्या कुठं उगवतात ते बघितल्याशिवाय मला राहवेना. मृग निघून चालला होता आणि ढगाचा पत्ता नव्हता, म्हणजे आकाशदर्शनाला आमच्याकडं उत्तम काळ. होकायंत्र आणि भाच्याची दुर्बीण घेऊन पहाटे साडेचारला गच्चीवर गेलो. टाकीवर चढलो, कारण पूर्वेला आड येणारी इमारत एका क्लासची आहे आणि तिचे मजले दर निकालाला वाढतात. उजेड फुटायला लागला होता तरी कृत्तिकांचा तो पुंजका दिसला. पूर्वेपासून चांगला पंचवीस अंश उत्तरेला सरकलेला. पाच हजार वर्षांची ती सरक मी होकायंत्रावर मोजत होतो, एवढ्यात खालून आवाज आला.

"काका, पाणी आलंय का?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. इथं पहाटे कुणी टाकीवर चढलेला दिसला, तर तो तारे बघतोय असा विचार कुणाच्या मनात येत नाही. त्यातून मी नोकरीला पाटबंधारे खात्यात. नळाचं खातं वेगळं, धरणाचं वेगळं, हे मी गल्लीला वर्षानुवर्षं समजावतोय. गल्लीचं मत असं, की पाणी एकच आहे आणि मला आधी कळतं.

"नाही आलं," मी म्हणालो. "कृत्तिका बघायलोय."

त्यांना 'कृत्तिका' नीट ऐकू गेलं नसावं. पण नाही म्हणणारा माणूस दुर्बीण लावून उभा आहे, याचा अर्थ टँकर. पाच मिनिटांत अख्खी गल्ली घागरी, बादल्या आणि पिपांसकट रस्त्यावर. मोटारी चालू झाल्या, कोरड्याच घरघरल्या. वरच्या खोल्यांतली नीटची पोरं बर्म्युडावर खाली आली. एकानं आल्या आल्या विचारलं, "काका, हा टॉपिक फिजिक्सला आहे का?"

दिवस उजाडल्यावर चौकशी समिती घरी आली. मी खरं काय ते सांगितलं, पुरावा म्हणून ग्रंथ दाखवला. समितीनं तो हातात घेतला, जाडी बघितली, वरचं नाव मोठ्यानं वाचलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरून तिथं आदर आला. संध्याकाळी पहिली पत्रिका आली. सोबत नारळ.

मी खूप सांगितलं, की मला यातलं ओ की ठो कळत नाही. जितकं नाकारावं तितका माणूस खरा, अशी आपल्याकडं रीत आहे. शेवटी मी अट घातली. पत्रिका मी बघत नाही, बघणारही नाही. पण तुमच्या घरात आजोबांची जुनी संदूक असेल तर ती एकदा उघडून दाखवा, पुस्तकं असतील तर बघू द्या. लोकांना वाटलं हा उपायाचाच भाग आहे. आणि संदुका उघडू लागल्या!

बहुतेकांत पंचांगं, निजामाच्या काळातले उर्दू कागद, बिगर कानांच्या पितळी किटल्या. पण एका स्वातंत्र्यसैनिकाच्या घरी अनंत भालेरावांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' मिळालं, समासात आजोबांच्या भांडखोर टिपांसकट. एके ठिकाणी नुसतं "खोटं. मी तिथं होतो." दुसऱ्या घरी त्रिंबक नारायण आत्र्यांचं १९१५ चं 'गावगाडा', शेवटची पानं उंदरांनी वाचलेली. एका माडीवर बी. रघुनाथांची 'आडगावचे चौधरी', परभणीच्या माणसाची कादंबरी, मी जिच्यासाठी वाचनालयात त्या करगोट्याच्या किल्लीची वाट बघत होतो. मी आता संदुकीतल्या गोधड्यासुद्धा उलगडून बघतो. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी पासोडीवर ग्रंथ लिहून ठेवला होता, तेव्हा आमच्या भागात कोण काय पांघरून झोपलंय ते सांगता येत नाही.

परवा मागच्या गल्लीतले एक गृहस्थ आले. संदूक उघडी करून देण्याआधीच त्यांनी मुलाची पत्रिका पुढं केली. मुलगा छत्तीसचा, शेती आहे, नोकरी नाही, मुलगी मिळेना. मी म्हणालो, मला खरंच यातलं कळत नाही, मी फक्त कृत्तिका बघतो. ते म्हणाले, "मग त्याच बघून सांगा की."

"त्या सध्या उत्तरेला सरकल्यात," मी म्हणालो. "परत बरोब्बर पूर्वेला यायच्या आहेत."

"म्हंजे योग आहे?"

"आहे. गणितानं पक्का आहे. जरा उशीर आहे."

ते समाधानानं उठले आणि मला माडीवर घेऊन गेले.