दळण परत आलं आणि आपण हात जोडतोय

नवापूरकडच्या एका पाड्यावरच्या बाईचं पाच किलो दादरचं, म्हणजे ज्वारीचं, दळण गिरणीवाल्याने तसंच परत पाठवलं. का, तर ती रविवारी चर्चला जाते. आदल्या रात्री पंच बसले आणि ठरलं: हिचं दळण बंद, हिला मजुरीला बोलवायचं नाही. सकाळपासून ही गोष्ट ग्रुपवर फिरतेय आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. "प्रार्थनेत आठवण." ठेवा आठवण. पण डब्यातली दादर कोण दळणार?

एका शहाण्याने तर तिचा फोटो आणि पाड्याचं नावही टाकलंय. आधी ते काढा.

दळण नाकारणं ही 'गावची बाब' नाही, भाऊ. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा 2016 चा कायदा 3 जुलै 2017 पासून लागू आहे. 3 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चिथावणारालाही. गुन्हा दखलपात्र आहे, तेव्हा नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून घरी पाठवलं तर गप्प परत यायचं नाही.

घोटाळा होतो तो अर्जात. "धर्मामुळे त्रास देतात" एवढंच लिहिलं की कागद तिथेच मेला. तारीख लिहा, वेळ लिहा. बैठक कुणाच्या अंगणात झाली, कोण काय बोललं, अगदी त्याच शब्दांत. दळण परत दिलं तेव्हा गिरणीवर आणखी कोण उभं होतं. पंच तिच्याच जमातीचे आहेत हेही लिहा, कारण हा कायदा एकाच समाजातल्या बहिष्काराचा आहे. आणि त्याच कारणाने इथे ॲट्रॉसिटी लागत नाही, आरोपी स्वतः आदिवासी आहेत. उत्साहाच्या भरात ते कलम घुसडलं की समोरच्या वकिलाला आयतं कोलीत.

ठाण्याने नाकारलं तर तीच तक्रार टपालाने पोलिस अधीक्षकांना, तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. एफआयआरची प्रत फुकट मिळते. वकीलही: बाई आहे, शिवाय आदिवासी, म्हणून विधी सेवा प्राधिकरण तिचं उत्पन्न विचारत नाही. फोन 15100. धमकीचा व्हिडिओ असेल तर कापाकापी नको, ज्या फोनमध्ये काढला तो फोनच जपा. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या प्रतीवर कोर्टात शंभर प्रश्न येतात.

"आता पोरांचा जमातीचा दाखला जाणार," अशी भीतीही तिला घातलीय. साफ खोटं! अनुसूचित जमातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अटच नाही. ती आहे अनुसूचित जातींच्या आदेशात. ही गल्लत काही जण मुद्दाम करतात. दीर घराबाहेर काढतो म्हणतोय, तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. राहत्या घरात राहण्याचा तिचा हक्क घर कुणाच्या नावावर आहे यावर ठरत नाही. त्यासाठी महिला हेल्पलाइन 181.

हो, काही पास्टर आजार बरा करण्याची आश्वासनं देत फिरतात, ते मलाही पटत नाही. पण त्याचा हिशोब हिच्या दळणात कशाला?

पंडिता रमाबाईंचं 1989 चं टपाल तिकीट तुम्ही कौतुकाने शेअर करता. 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा बोल लावणारेही चांगली शिकलेली माणसंच होती.

आणि "क्षमा कर, बाई" म्हणणारी आपली चर्चची मंडळी. करेल ती क्षमा, तुमच्या-माझ्याआधी करेल. तिचं मन तेवढं मोठं आहे. पण हा सल्ला देणाऱ्या सगळ्यांच्या घरी आज भाकरी झाली, एवढं ध्यानात असू द्या.

असो. जास्त बोललो असेन.

सोमवारी ठाण्यात जायचंय. सोबत दोन बाया हव्यात, तिच्याशेजारी शांत बसून राहणाऱ्या. अर्जाच्या दोन प्रती, एकीवर पोच घ्यायची. कमेंटमध्ये काही लिहू नका, इनबॉक्समध्ये सांगा. आणि येताना पाच किलो पीठ आणा, दादरचंच.